खुशालरावांच्या वाट्याची घाण

निंबखेड बाजारात कोणाला कंजूस म्हणायचं झालं तर लोक 'खुशालरावाच्या रांगेतला' म्हणत. त्या रांगेत खुशालरावांच्या मागे दुसरं कोणी उभं असल्याचं मात्र कोणी पाहिलं नव्हतं.

अकोल्याहून बाळापूरकडे जाणाऱ्या सडकेपासून थोडं आत हे गाव. खुशालराव भावसार जातीने रंगारी आणि धंद्यानेही रंगारीच. बाळापूरकडच्या सतरंज्या विणणाऱ्यांना लागणाऱ्या सुताच्या लडी ते रंगवून देत. कागदोपत्री त्यांचा कारखाना होता. प्रत्यक्षात टिनाच्या छपराखाली तांब्याच्या चार कढया, एक लाकडी घोटणी आणि लडी वाळवायला बांधलेल्या दोऱ्या, एवढाच पसारा. सडकेच्या पलीकडे शेषरावांचा कारखाना होता. त्याला धुराडं होतं, त्यामुळे तो खरा कारखाना.

खुशालरावांच्या घरात वस्तू मरत नसे. धोतर विरलं की त्याचा पंचा होई, पंच्याचं फडकं, फडक्याची चूल पेटवायची वात, वातीची राख, आणि राखेने भांडी घासली जात. घासल्यानंतरच्या राखेचं पुढे काय होतं हे मनकर्णाबाईंनी लग्नाला इतकी वर्षं होऊनही विचारलं नव्हतं. त्याचंही उत्तर असेल, अशी त्यांना भीती वाटे. स्वतःच्या लग्नात अंगावर पडलेल्या अक्षता खुशालरावांनी झटकल्या नाहीत, शेल्यात गोळा केल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांची खिचडी झाली, असं गावात सांगत. मनकर्णाबाई म्हणत, लोक खोटं बोलतात, तिसऱ्या दिवशी झाली.

कोणी काही टाकायला निघालं की खुशालराव हात आडवा घालून एकच वाक्य बोलत. "राहू दे बाप्पा, कामी येते." फुटकी कळशी, वाकडा खिळा, चुलत्याने टाकून दिलेली छत्री, सगळं या वाक्याच्या आधाराने घरात मुक्कामाला होतं.

अशा माणसाच्या हातून रोज एक गोष्ट फेकली जात होती, आणि ती फेकली जाते हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. लडी रंगवून झाल्या की कढईतलं उरलेलं पाणी मागच्या नाल्यात ओतायचं. आजा ओतत असे, बाप ओतत असे. पाण्याला कोणी वस्तू समजत नाही.

नाला तिथून वळसा घेऊन बौद्धवस्तीच्या अंगाने जाई. वस्तीतले डोमाजी छप्पनच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन आले, आणि पुढच्या उन्हाळ्यात वस्तीने आपली स्वतःची विहीर खोदली. तोवर गावच्या विहिरीपाशी घागर घेऊन उभं राहायचं, आणि कोणाला दया किंवा सवड होईल तेव्हा वरून धार पडायची, अशी व्यवस्था होती. आता पहार आपली, घाम आपला, पाणीही आपलं. पाणी गोड लागलं. बायांनी विहिरीच्या काठावर उदबत्त्या लावल्या आणि कोणाची वाट न पाहता घागरी भरल्या. मग पाऊस सरला, नाल्यात कढयांचंच पाणी उरलं, आणि विहिरीचं पाणी रंग बदलू लागलं. खुशालरावांकडे लाल लडींचं काम निघालं की दोन-चार दिवसांनी विहीर गुलाबी. हिरव्यांचं निघालं की विहीर शेवाळल्यासारखी.

डोमाजींनी नगरपालिकेत अर्ज दिला. अर्ज घेणं हे काम नगरपालिकेत तेव्हा चोख चाले. अर्ज घेतला गेला. मग डोमाजी खुशालरावांकडे आले, दारातच उभे राहून त्यांनी जयभीम घातला आणि विहिरीची हकिकत सांगितली. खुशालरावांनी रामराम केला आणि ते उठून पायांत वहाणा न घालता त्यांच्यामागे निघाले. वहाणा ते फक्त परगावी जाताना घालत.

वस्तीत गेल्यावर त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं. पण त्यांची नजर लागली ती दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर. सदरे, लुगडी, एक टोपी, सगळ्यांवर एकसारखी फिकट गुलाबी छटा. खुशालरावांनी सदऱ्याचं टोक दोन बोटांत धरून चोळलं, उन्हाकडे धरून पाहिलं, पुन्हा चोळलं.

"पक्का बसला," ते म्हणाले आणि तिथेच काठावर खाली बसले.

त्यांचा चेहरा पाहून डोमाजींना वाटलं, माणसाला पश्चात्ताप झाला. झालाही होता, पण वेगळा.

"म्हंजे मी पैसे मोजून रंग आनतो," खुशालराव म्हणाले, "अन् तुमची अख्खी वस्ती फुकटात कपडे रंगवून राहिली?"

"आमाले रंगवाचे नाईत, खुशालभाऊ. आमाले पानी पायजे."

"ते तुमचं तुमी पाहा. माह्या रंगाचं बोलतो मी. किती वर्सांपासून चालू हाये हे?"

"विहीर औंदाची. नाल्यात रंग तं तुमच्या आज्यापासून."

आज्यापासून, हा शब्द खुशालरावांच्या काळजात घुसला. तीन पिढ्यांचा रंग नाल्याने वाहून गेला होता आणि घरात कोणाला पत्ता नव्हता. चोरी झाली असती तर निदान चोराला शिव्या देता आल्या असत्या.

त्याच आठवड्यात त्यांनी कुंभाराकडून तडे गेलेले रांजण मागून आणले, तडे डांबराने बुजवले आणि कढयांच्या मागे ओळीने मांडले. आता पिवळ्याचं उरलेलं पाणी ओतायचं नाही, त्यात निळ्याचा हात देऊन हिरवं करायचं. लाल उरलं की ते पुढच्या लाल कामाला, आणि रंगलेल्या लडी खळबळून काढलेलं पाणी नव्या कढईला. ज्या पाण्याला कुठलाच रंग नीट म्हणता येत नाही, ते सगळं शेवटच्या रांजणात. त्या रांजणातून निघे तो काळा. सतरंजीच्या कडेला जो काळा पट्टा असतो, तो निंबखेडच्या खुशालरावांचा असेल तर उन्हात धरल्यावर त्यात तांबडं, हिरवं, जांभळं, सगळं दिसतं, असं बाळापूरचे विणकर सांगत आणि मुद्दाम तोच मागत.

नाल्यात थेंब जाईना. वर्ष फिरायच्या आत डोमाजींच्या विहिरीचं पाणी असं झालं की तळाशी पडलेली बादली वरून दिसावी. डोमाजींनी टोपलीभर वांगी आणून दिली. खुशालरावांनी वांगी ठेवून घेतली, टोपलीही ठेवून घेतली. डोमाजींनी टोपली परत मागितली नाही. ते गावातलेच होते.

गोष्ट इथे संपली असती, पण अर्ज जिवंत होता. तो दिला तेव्हा गाव मुंबई राज्यात होतं. त्यावर ठराव झाला तेव्हा महाराष्ट्रात. मधल्या काळात नगराध्यक्ष बदलले, टपालाची तिकिटं बदलली, रुपयाचे आणे जाऊन नवे पैसे लोकांच्या अंगवळणी पडले. अर्ज मात्र जागेवर ठाम होता, आणि अखेर तो मोरोपंतांच्या टेबलावर आला.

मोरोपंत नगरपालिकेचे सॅनिटरी इन्स्पेक्टर. राहायला अकोल्याला, जठारपेठेत. रोज मोटारीने येत. माणूस स्वच्छ, शिकलेला, वेळेचा पक्का. लाच सोडा, ते कोणाकडे चहासुद्धा घेत नसत, त्यामुळे त्यांच्यापासून सुटकेला वाव नव्हता. विलायतेतल्या शहरांच्या गटारांवरचे जाड ग्रंथ त्यांनी वाचलेले होते आणि निंबखेडला अजून गटारच नाही याची त्यांना मनापासून खंत होती. डोमाजींचा अर्ज वाचून ते हळहळले, आणि जठारपेठेतल्या आपल्या खोलीत बसून त्यांनी एक पोटनियम स्वतःच्या हाताने लिहून काढला. नगरपालिकेने तो न वाचता एकमताने मंजूर केला.

पोटनियम असा : प्रत्येक रंगाऱ्याने आवारात ठरल्या मापाचा पक्का हौद बांधावा. कामातलं घाण पाणी त्यात भरावं, तीन दिवस निवळू द्यावं आणि वरचं निवळ पाणी नाल्यात सोडावं. इन्स्पेक्टर तारीख कळवून येईल आणि भरलेला हौद पाहील. हौद कोरडा आढळल्यास घाण पाणी चोरून दुसरीकडे सोडलं असं समजावं आणि परवाना रद्द करावा.

नियम वाईट नव्हता. ज्याच्याकडे घाण पाणीच नाही अशा माणसाला तेवढा तो लागू पडत नव्हता, आणि असा माणूस असू शकतो हे मोरोपंतांच्या ग्रंथांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

खुशालरावांनी हौद बांधला. विटा पडक्या भिंतीच्या, चुना घरचा. पहिल्या तपासणीला मोरोपंत आले तेव्हा हौद लख्ख कोरडा होता आणि त्यात मनकर्णाबाईंनी कुरड्या वाळत घातल्या होत्या.

"हौद कोरडा आहे, खुशालराव."

"होय पंत. पुसून काढला."

"घाण पाणी कुठे सोडता?"

"सोडतच नाई. हे पाहा." खुशालराव त्यांना मागे घेऊन गेले. आयुष्यात प्रथमच कोणी सरकारी माणूस आपला माल पाहायला आला म्हणून त्यांना उत्साह आला. पिवळ्याचं हिरव्यात कसं जातं, हिरव्याचं काळ्यात कसं जातं, एकेका रांजणावरचं झाकण काढून ते दाखवत गेले. मोरोपंतांनी नाकाला रुमाल लावला. भिंतीवर मलेरियावाल्यांनी फवारणीची तारीख टाकून अजून आठवडा झाला नव्हता, आणि त्याच भिंतीखाली हे टाकाऊ पाण्याने भरलेले रांजण.

त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. टाकाऊ पाणी एक दिवसाहून जास्त उघड्या भांड्यात साठवणं हा डासांच्या कलमाखाली गुन्हा. साठवायचंच असेल तर अकोल्याहून निराळा परवाना आणावा लागेल, आणि तो वस्तीपासून दूर असलेल्या जागेलाच मिळतो. टाकाऊ पाण्याने माल रंगवणं हा तर स्वतंत्र धंदा झाला, त्याचा नमुनाच नगरपालिकेकडे नाही.

खुशालरावांनी हातातलं झाकण परत रांजणावर ठेवलं. "म्हंजे फेकाले परवानगी हाये, अन् ठेवाले नाई?"

"अगदी बरोबर," मोरोपंत म्हणाले. इतक्या लवकर समजणारे रंगारी त्यांना क्वचित भेटत.

ही बातमी वस्तीत पोचायला वेळ लागला नाही. खुशालरावांना हौद भरावा लागला तर तो कशाने भरणार आणि रिकामा कुठे होणार, हे डोमाजींना कोणी सांगायची गरज नव्हती. ते नगरपालिकेत गेले आणि आपला अर्ज परत मागितला. मोरोपंतांनी त्यांना बसायला खुर्ची दिली, हे नमूद करायला हवं. मग सांगितलं की अर्ज आता डोमाजींचा राहिलेला नाही, त्याचा नियम झाला आहे. तरीही तक्रारदाराचं समाधान झालं का हे पाहणं कर्तव्य होतं, म्हणून ते विहिरीवर गेले.

डोमाजींनी बादली ओढून काढली. पाण्यात आभाळ दिसत होतं. मोरोपंतांच्या चष्म्यामागचे डोळे भरून आले.

"पाहिलंत? नियम लागू होऊन महिना नाही झाला."

"साहेब, पानी तीन वर्सांपासून साफ हाये."

"हो, नियम येणार अशी चर्चा तेव्हापासूनच होती."

डोमाजींनी पितळी गडव्यात पाणी भरून पुढे केलं, घेऊन पाहा म्हणाले. मोरोपंतांनी गडवा दोन्ही हातांनी घेतला, उजेडात फिरवून कौतुकाने पाहिला आणि अलगद काठावर ठेवला. आपलं पोट जरा नाजूक आहे, म्हणाले. शेजारच्या टपरीवर मग त्यांनी सोड्याची बाटली फोडली.

खुशालरावांना परवाना गेला तर रंगवता येणार नव्हतं, आणि रंगवलं नाही तर रंगारी कसला. शेवटी त्यांनी तोड काढली. दुधात टाकायला विरजण उसनं मागावं तसं ते शेषरावांकडे घाण पाणी उसनं मागायला गेले.

शेषरावांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग ते इतके हसले की धोतराचा सोगा सुटला. "ने बाप्पा, किती नेतो. अशी गोष्ट उसनी मागनारा तू पयलाच. परत नको आनू मात्र." त्यांचा हौद कायम तुडुंब असे, कारण ते रंग कमी आणि पाणी जास्त वापरत, आणि दोन्ही सढळ हाताने फेकत. मोरोपंतांच्या लेखी गावातला आदर्श हौद तोच.

दोन बैलगाड्या भरून पिंपं आली. खुशालरावांचा हौद भरला. उद्या सकाळी मोरोपंत येणार, आज काही करायचं नाही, नुसतं राखत बसायचं. खुशालराव काठावर राखत बसले, आणि तिथेच घात झाला. पाणी त्यांच्याकडे पाहत होतं. मजिठासारखा लाल रंग, दाट. त्यांनी बोट बुडवलं. शेषऱ्याने अर्धा रंग तसाच फेकला होता. अर्धा! हे कोणी फुकट देतं आणि आपण ते तीन दिवसांनी नाल्यात सोडायचं? एक लडी बुडवून पाहावी, नुसती परीक्षा म्हणून. लडी सुंदर निघाली. मग दुसरी.

सकाळी मोरोपंत आले तेव्हा दोऱ्यांवर लाल लडी झुलत होत्या आणि हौदाच्या तळाशी नुसती ओल होती. कुरड्या वाळत घालण्याइतका तो कोरडा नव्हता, पण जवळजवळ तेवढाच. उरलेलं काळ्या रांजणात गेलं होतं.

मोरोपंत रागावले नाहीत. ते कधीच रागावत नसत. पुढच्या तपासणीला हौद भरलेला नसेल तर परवाना गेला असं समजा, एवढं त्यांनी सौजन्याने सांगितलं, आणि शेषरावांसारखं व्हायला हरकत काय, असंही विचारलं.

या सगळ्यात मनकर्णाबाई आजवर काही बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाल्या, "तुमच्या हातून फेकनं होनार नाई. अन् फेकल्याबिगर लायसन राह्यनार नाई. सरका तिकडं."

त्यांनी हौदाला आतून चुन्याचा नवा हात दिला. डोमाजींना निरोप गेला, त्यांनी आपल्या विहिरीतलं स्वच्छ पाणी पिंपातून गाडीवर आणून हौदात ओतलं. का, हे त्यांनी विचारलं नाही. मनकर्णाबाईंनी डब्यातून हळद काढली आणि पाण्यावर भिरकावली. कुंकू कसं होतं हे कुठल्याही बाईला माहीत असतं. हळदीला चुना भेटला आणि हौद लालभडक झाला.

खुशालराव हौदाकडे न पाहता बायकोच्या मुठीकडे पाहत होते. "केवढी टाकली?"

"मूठभर."

"चिमटीत नसतं झालं?"

मोरोपंत आले, काठीने पाणी ढवळून पाहिलं आणि पहिल्यांदाच खुशालरावांच्या पाठीवर हात ठेवला. "आता कसं!" तिसऱ्या दिवशी हळद तळाला बसली, वरचं पाणी नितळ झालं, ते नाल्यात सोडलं गेलं. इतक्या आज्ञाधारकपणे निवळणारं घाण पाणी मोरोपंतांनी ग्रंथांतसुद्धा पाहिलं नव्हतं. रांजणांवर मनकर्णाबाईंनी पाट ठेवून लोणच्याच्या बरण्यांसारखी फडकी बांधली होती. मोरोपंतांनी लोणचं समजून तिकडे पाहिलं नाही.

त्यानंतर दर तपासणीला निंबखेडात हा विधी होऊ लागला. चांगल्या विहिरीचं चांगलं पाणी काढायचं, ते खराब करायचं, पुन्हा चांगलं होईपर्यंत थांबायचं आणि फेकून द्यायचं. याला सार्वजनिक आरोग्य म्हणत. खुशालरावांना फेकलेल्या हळदीचं दुःख होई, पण तळाची हळद खरवडून मनकर्णाबाई पुढच्या वेळी तीच वापरतात हे कळल्यावर ते बरंच कमी झालं.

चौसष्ट-पासष्टच्या सुमारास परदेशी रंगांची टंचाई आली आणि रंगाचे डबे परमिटावर मिळू लागले. कोणाला किती द्यायचे हे ठरवायला अमरावतीहून एक मोठे साहेब आले. रंगारी आपापलं काम फुगवून सांगतात हे साहेबांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी खोटं बोलू न शकणारा साक्षीदार शोधून काढला : हौद. ज्याचं घाण पाणी जास्त तो रंगवतो जास्त, म्हणून त्याला रंगही जास्त. जोडीला असंही ठरलं की नाल्यांना काही मर्यादा हवी. मागच्या वर्षांत ज्याने जितकी घाण सोडली तितका त्याचा वाटा कायमचा मान्य. ज्याला आपला वाटा नको असेल त्याने तो राजीखुशीने दुसऱ्याला द्यावा.

ज्याने आजवर सगळ्यात जास्त घाण केली त्याचा हक्क सगळ्यात मोठा, हे ऐकून शेषरावांनी गावजेवण दिलं. साहेब येण्याआधी महिनाभर त्यांनी हौदावरची तोटी सोडूनच ठेवली होती. खुशालरावांच्या नावावर हळदीच्या पाण्याइतका वाटा लागला आणि परमिटावर रंगाचे इतके थोडे डबे की ते घेऊन येताना हमालही लागला नाही.

साहेब पुन्हा एकदा मोजणीला येणार होते. मोरोपंत स्वतः सांगायला आले, कारण खुशालराव आता त्यांचे लाडके होते. म्हणाले, या खेपेला हौद नीट भरा, खरं काम दिसू द्या, तुमचे डबे दुप्पट करून देतो. त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं, आणि दिलेला शब्द पाळण्याइतके ते प्रामाणिक होते.

ही बातमी ऐकून डोमाजी आले. या वेळी दारात थांबले नाहीत, आत येऊन कढईजवळ बसले.

"खुशालभाऊ, हौदात खरा रंग सोडनार म्हनतेत."

"म्हनतेत."

"सोडसान?"

"धंदा हाये, डोमाजी. चार कढया होत्या, एक पेटते."

डोमाजींनी मान हलवली. "मी काई म्हनाले नाई आलो. धंदा तुमचा. विहिरीले दुसरी जागा पाहाची का, एवढंच विचाराले आलो. खोदाचं असन तं उन्हाळ्याआधी खोदा लागन." आणि ते उठून गेले.

साहेब येण्याच्या दिवशी खुशालरावांनी शेवटच्या रांजणातला काळा बादलीत काढला आणि हौदाच्या काठावर जाऊन उभे राहिले. मनकर्णाबाई दारातून पाहत होत्या. बादली कलली, पण ओतली गेली नाही. पुन्हा कलली. मग खुशालराव परत फिरले, आणि त्यांनी बादली रांजणात रिती करून झाकण लावलं. विहिरीसाठी की रंगासाठी, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगण्यात शब्द खर्च होतात. मनकर्णाबाई हळदीचा डबा घेऊन आल्या. साहेबांनी लाल पाणी मोजलं, खांदे उडवले आणि डबे तेवढेच ठेवले.

मग शेषराव आले. त्यांचा स्वतःचा नाला धोबीघाटाकडे जाई आणि त्याची मर्यादा भरली होती. त्यांना नवी शेड टाकायची होती ती वस्तीच्या नाल्यावर, आणि त्या नाल्याचा वाटा, लहान का असेना, एकट्या खुशालरावांच्या नावावर होता. तो हाती आल्याशिवाय शेडला परवानगी नव्हती. शेषरावांनी रोख देऊ केले, वर मोकळा पडलेला जुना बॉयलर देऊ केला. बॉयलरचं नाव निघताच खुशालरावांच्या डोळ्यांत चमक आलेली मनकर्णाबाईंनी पाहिली.

"तुले घाण लागतच नाई," शेषराव म्हणाले. "गावभर लोकाले माईत हाये, तू हळद टाकतो. मंग तो वाटा ठेवून करतो काय?"

खुशालरावांनी बराच विचार केला. खरं म्हणजे त्यांना विचार करावा लागलाच नाही, जिभेवर आयुष्यभराचं वाक्य तयार होतं. "राहू दे बाप्पा, कामी येते."

"घाण कामी येते? कवा?"

"ते नाई सांगता येत. पडली राह्यली तं घरात राह्यते. देल्ली तं गेली."

शेषरावांनी गावात सांगितलं की या माणसाच्या कंजुषीची आता हद्द झाली, हा घाणसुद्धा हातची सुटू देत नाही. गावाला ते पटलं. वस्तीने विहिरीसाठी दुसरी जागा पाहिली नाही.

त्यानंतर खुशालरावांकडे एकच कढई पेटत राहिली. थोड्या डब्यांतून ते किती लडी काढत याचं बाळापूरच्या विणकरांना नवल वाटे. मनकर्णाबाईंनी कुरड्या-पापड विकायला सुरुवात केली. हौदात जागा होतीच.

मोरोपंत निवृत्त झाले तेव्हा नगरपालिकेत निरोपसमारंभ झाला. खुशालराव आले, कारण चिवडा आणि चहा होता. भाषणाच्या शेवटी मोरोपंतांनी टेबलावरचा पितळी गडवा उचलला. हे पाणी, ते म्हणाले, बौद्धवस्तीच्या विहिरीचं, आज सकाळी मुद्दाम आणवलेलं. एकेकाळी हे पाणी गुलाबी होतं. एक साधा पोटनियम काय करू शकतो, ते पाहा. सभागृहाने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या. मागच्या बाकावर डोमाजी होते, त्यांनीही दोन वाजवल्या.

भाषण संपल्यावर हार घालण्यासाठी हात मोकळे हवेत म्हणून मोरोपंतांनी गडवा खिडकीबाहेर रिता करायला नेला. त्यांचा हात कोणीतरी धरला. खुशालराव पुढच्या रांगेतून उठून आले होते.

"फेकू नका, पंत," ते म्हणाले. त्यांनी गडवा काढून घेतला, भरल्या सभेत तोंड वर करून घटाघट सगळं पाणी पिऊन टाकलं, आणि गडवा रिकामा आहे ना, हे उलटा करून पाहिलं. मग तो नगरपालिकेचा नसून डोमाजींच्या घरचा आहे असं कळलं तेव्हा नाइलाजाने परत दिला.